केळी, गस्त आणि गोंबेचे चिंपांझी

७ जानेवारी १९७४ रोजी टांझानियातील गोंबेच्या जंगलात गोडी नावाचा एक नर चिंपांझी झाडावर एकटाच फळे खात बसला होता. उत्तरेकडून आठ चिंपांझी आवाज न करता त्याच्या हद्दीत शिरले. त्यांत सहा प्रौढ नर होते. गोडी झाडावरून उतरून पळाला, पण पकडला गेला. एकाने त्याला जमिनीवर दाबून धरले आणि बाकीचे सुमारे दहा मिनिटे त्याला मारत, चावत राहिले. ते निघून गेल्यावर गोडी कसाबसा उठला आणि झाडीत गेला. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही. हा प्रसंग हिलाली मातामा या टांझानियन क्षेत्र-साहाय्यकाने प्रत्यक्ष पाहिला आणि नोंदवला. एका समुदायातील चिंपांझींनी दुसऱ्या समुदायातील प्रौढ नरावर केलेला असा जीवघेणा हल्ला माणसाने पाहिल्याची ही पहिली नोंद.

मारणाऱ्यांना गोडी परका नव्हता. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते सगळे एकाच समुदायात होते, एकमेकांची लव साफ करत होते आणि संशोधकांच्या तळावर एकाच जागी केळी खात होते. ती केळी माणसांनी आणून ठेवलेली होती. या टिपणात आपल्याला त्या केळ्यांचाच विचार करायचा आहे. गोंबेत जे दिसले ते चिंपांझींचे स्वाभाविक वागणे होते, की संशोधकांनी घातलेल्या अन्नाचा तो परिणाम होता? पाठ्यपुस्तकांत हा वाद बहुधा दोन ओळींत उरकलेला असतो. पण वन्य प्राण्यांबद्दलचे ज्ञान कसे तयार होते आणि कसे तपासले जाते, हे समजण्यासाठी याच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

चिंपांझींचा समुदाय म्हणजे काय

चिंपांझी हे माकड नव्हे, कपी आहे. त्याला शेपूट नसते. भारतात आढळणारा कपी म्हणजे ईशान्येकडचा हुलॉक गिबन. त्यामुळे आपल्याकडच्या माकडांच्या टोळीवरून चिंपांझींच्या जगण्याची कल्पना करू लागलात, तर पहिल्याच पायरीवर चूक होईल. आपल्या माकडांची टोळी दिवसभर एकत्र हिंडते. चिंपांझींचा समुदाय चाळीस, पन्नास, क्वचित दीडशेहून अधिक जणांचा असतो, पण तो सगळा एका ठिकाणी जवळजवळ कधीच नसतो. सकाळी तिघे एकत्र असतात, दुपारी उंबराचे मोठे झाड पिकलेले सापडले की पंधरा जमतात, संध्याकाळी पुन्हा पांगतात. एखादी मादी पिल्लाला घेऊन दिवसचे दिवस एकटीच चरते. रात्री प्रत्येक जण फांद्या वाकवून झाडावर स्वतःचे नवे घरटे करतो. पिल्लू आईजवळ झोपते.

या सतत होणाऱ्या फाटाफुटीमुळे सुरुवातीच्या निरीक्षकांना वाटले होते, की चिंपांझींना पक्का असा गटच नसतो आणि जो तो मोकळेपणाने कुठेही जातो. समुदायाला ठरलेले सभासद असतात, हे तोशिसादा निशिदा यांनी स्पष्ट केले. त्यांनी १९६५ पासून टांगानिका सरोवराच्याच काठी, गोंबेच्या दक्षिणेला, महाले येथे काम केले. रोज कोण कोणाबरोबर आहे याची यादी वर्षानुवर्षे ठेवली तेव्हाच लक्षात आले, की काही जण कधी ना कधी एकमेकांसोबत दिसतात आणि काही जण कधीच दिसत नाहीत. ज्यांच्यात ‘कधीच नाही’ असे नाते आहे, ते दोन वेगळे समुदाय.

नर जन्मतात त्याच समुदायात मरेपर्यंत राहतात. माद्या बहुतांशी वयात आल्यावर शेजारच्या समुदायात जातात. (गोंबेत अनेक माद्या जन्मगावीच राहतात, हा तेथील अपवाद.) दोन बाळंतपणांत पाच-सहा वर्षांचे अंतर असते. पिल्लू चार-पाच वर्षे दूध पिते आणि त्यानंतरही आईचा माग सोडत नाही. इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याच्या समुदायातून एक प्रौढ नर गेला तर ती जागा भरून यायला किती काळ लागेल, याचा हिशेब करून पाहा. पुढच्या आकड्यांचा अर्थ लावताना तो उपयोगी पडेल.

समुदायाच्या हद्दी असतात आणि नर त्यांवर गस्त घालतात. गस्त एकदा पाहिली की विसरता येत नाही, असे पाहणारे सांगतात. एरवी आरडाओरडा करणारे हे प्राणी एकामागोमाग एक, ओळीने, गप्प चालू लागतात. वाटेत फारसे खात नाहीत. थांबून कानोसा घेतात, जमीन आणि पाने हुंगतात, शेजाऱ्यांची जुनी घरटी न्याहाळतात. समोर मोठा जमाव असल्याचे आवाजावरून कळले तर मागे फिरतात. एकटा कोणी सापडला तर हल्ला करतात.

केळी कशी आली

जेन गुडाल १४ जुलै १९६० रोजी गोंबेला पोहोचल्या. त्या वेळी त्या २६ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. लुई लीकी या मानवपूर्वजांच्या अभ्यासकाने त्यांना पाठवले होते. पहिले कित्येक महिने चिंपांझी त्यांना पाहताच पळून जात. दुर्बिणीतून दिसेल तेवढेच हाती लागे. त्याच वर्षाच्या अखेरीस हनुवटीवर करडे केस असलेला एक नर त्यांना वाळवीच्या वारुळाशी बसलेला दिसला. तो गवताची काडी भोकात घालून तिला चिकटलेली वाळवी चाटून खात होता. डेव्हिड ग्रेबिअर्ड हे त्याचे नाव पुढे जगभर पोहोचले. माणसाखेरीज कोणी हत्यार बनवत नाही, ही समजूत त्या वारुळाशी मोडली.

याच डेव्हिडने पुढे तळावर येऊन तंबूतली केळी उचलली. त्याच्यामागून इतर आले. पळून जाणारा प्राणी आपण होऊन दहा फुटांवर येऊन बसतो आहे, हे पाहिल्यावर कोणता संशोधक केळी बंद करील? १९६२-६३ नंतर तळावर रीतसर केळी ठेवली जाऊ लागली. प्रत्येक चिंपांझीचा चेहरा, नातेवाईक, मैत्री, वैर हे सारे जे काही गोंबेने जगाला सांगितले, त्यातला मोठा भाग या केळ्यांच्या जागेवरून दिसलेला आहे.

किंमतही तिथेच मोजावी लागली. बबून माकडे केळ्यांवर तुटून पडू लागली. चिंपांझी इतर कामे सोडून तळावर ताटकळू लागले, मारामाऱ्या वाढल्या. मग दुरून उघडता येणाऱ्या पेट्या बसवल्या गेल्या आणि त्या फोडण्याच्या युक्त्या चिंपांझींनी शोधल्या. माणसाच्या सामानाचाही परिणाम झाला. माइक नावाच्या, दिसायला सामान्य नराने तळावरचे रॉकेलचे रिकामे डबे आपटत, घरंगळवत मोठमोठ्या नरांना घाबरवले आणि १९६४ मध्ये गोलायथकडून प्रमुखपद घेतले. हा किस्सा वर्गात सांगितला की सगळे हसतात. पण क्षणभर थांबून विचार करा: जंगलात रॉकेलचा डबा कुठून आला? १९६६ मध्ये पोलिओसारख्या साथीने काही चिंपांझी मेले आणि काही पांगळे झाले. एका जागी गर्दी करून खाणाऱ्या प्राण्यांत रोग कसा पसरतो, हे वेगळे सांगायला नको.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस केळी खूप कमी करण्यात आली. ती पूर्ण बंद झाली २००० मध्ये.

फूट आणि चार वर्षे

याच काळात समुदाय दुभंगत गेला. दक्षिणेकडे जास्त वेळ घालवणारे काही नर आणि माद्या हळूहळू उत्तरेकडे येईनाशा झाल्या. उत्तरेकडचा समुदाय कासाकेला, दक्षिणेकडचा कहामा. कहामात सात नर होते: ह्यू, चार्ली, गोडी, डे, गोलायथ, विली वॉली आणि स्निफ. गोडीपासून सुरू झालेले हल्ले १९७७ च्या अखेरीपर्यंत चालले. काही मृत्यू डोळ्यांसमोर घडले, काही प्रेतांवरच्या जखमांवरून ओळखले गेले, काही जण नुसतेच नाहीसे झाले. शेवटी कहामात एकही नर उरला नाही. एकेकाळी सगळ्यांचा प्रमुख असलेला गोलायथ मारला गेला तेव्हा म्हातारा झाला होता. मादाम बी ही पोलिओने हात अधू झालेली मादीही मारली गेली. कासाकेलाच्या नरांनी ती जमीन घेतली, पण तिच्या पलीकडे कालांदे नावाचा मोठा समुदाय होता आणि त्याच्या दबावामुळे त्यांना पुढे बरेच मागे यावे लागले.

आता तुम्ही त्या काळातले वाचक आहात असे समजा. महाले येथेही तसेच काही घडले होते. तेथील के समुदायाचे प्रौढ नर १९८२ पर्यंत एकेक करून नाहीसे झाले आणि शेजारच्या मोठ्या एम समुदायाने त्यांची जागा घेतली. मात्र महालेतही संशोधकांनी चिंपांझींना ऊस आणि केळी घातली होती. जिथे रक्तपात झाला त्या दोन्ही ठिकाणी माणसाचे अन्न होते. आणि जिथे नुसते पायी हिंडून निरीक्षण केले गेले, उदाहरणार्थ युगांडातील बुडोंगोच्या जंगलात १९६२ मध्ये व्हर्नन रेनॉल्ड्स यांनी, तिथे असे काही दिसले नव्हते. संशय यायला हे पुरेसे आहे. मार्गारेट पॉवर यांनी १९९१ मध्ये आपल्या पुस्तकात हाच संशय व्यवस्थित मांडला: चिंपांझी मुळात मोकळे, समतेने राहणारे प्राणी आहेत, आधी भरपूर आणि मग हात आखडून, लहरीप्रमाणे दिलेल्या केळ्यांनी त्यांच्यात वैफल्य आणि स्पर्धा निर्माण केली.

एका प्रश्नात तीन प्रश्न

या वादात अनेकांचा गोंधळ होतो, कारण तीन वेगळे दावे एकात मिसळले जातात.

पहिला दावा असा, की केळ्यांमुळे तळावरची भांडणे वाढली. हा खरा आहे आणि त्याबद्दल वाद नाही. गोंबेतच काम केलेल्या रिचर्ड रँगम यांनी १९७४ मध्ये तो आकडेवारीने दाखवला. देवळाजवळ किंवा घाटात प्रवासी माकडांना फुटाणे टाकतात तेव्हा काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. (पुढे हेच रँगम ‘चिंपांझींची समुदायांमधील हिंसा स्वाभाविक आहे’ या बाजूचे प्रमुख विचारवंत झाले. पहिला दावा मान्य केला म्हणजे तिसरा मान्य करावाच लागतो असे नाही, हे त्यांच्याच उदाहरणावरून दिसते.)

दुसरा दावा: केळ्यांमुळे समुदाय फुटला. इथे उत्तर तितके स्वच्छ नाही. २०१८ मध्ये जोसेफ फेल्डब्लम आणि सहकाऱ्यांनी गोंबेच्या जुन्या नोंदी संगणकावर घेऊन कोण कोणाबरोबर असे याचे जाळे वर्षागणिक तपासले. फूट हळूहळू पडली होती आणि १९७१-७२ च्या सुमारास पक्की झाली होती. त्या वेळी नवा प्रमुख हंफ्री आणि दक्षिणेकडचे चार्ली व ह्यू यांच्यात सत्तेची चढाओढ होती आणि प्रजननक्षम माद्या नरांच्या मानाने कमी होत्या. समुदाय फुटायला एवढे कारण पुरते. तरी तळावर वर्षानुवर्षे जमलेल्या गर्दीने दोन उपगटांना मुळात कृत्रिमरीत्या एकत्र धरून ठेवले असेल, ही शक्यता यातून पुसली जात नाही. माझ्या मते हा दावा अजून अर्धा उघडा आहे.

तिसरा दावा सर्वांत मोठा: शेजाऱ्यांना ठार मारण्याची वृत्तीच मुळात केळ्यांमुळे आली. हा तपासण्यासाठी ज्यांना कधीच अन्न घातलेले नाही अशा चिंपांझींकडे जावे लागते.

न्गोगो

युगांडाच्या किबाले राष्ट्रीय उद्यानात न्गोगो नावाचा समुदाय आहे. तेथील चिंपांझींना संशोधकांनी कधीही खाऊ घातले नाही. त्यांच्यामागे रोज चालत राहून, काही वर्षांत त्यांना माणसाची सवय होऊ दिली. जंगल फळांनी समृद्ध आहे आणि समुदाय आजवर नोंदलेल्यांत सर्वांत मोठा, एका टप्प्यावर जवळजवळ दोनशेपर्यंत गेलेला.

जॉन मितानी, डेव्हिड वॉट्स आणि सिल्व्हिया आम्स्लर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले, की १० वर्षांत न्गोगोच्या चिंपांझींनी शेजारच्या समुदायांतील २१ जणांना मारले. त्यांपैकी १८ घटना प्रत्यक्ष पाहिलेल्या होत्या. बरेचसे बळी ईशान्येकडच्या एकाच समुदायातले होते. २००९ मध्ये न्गोगोचे चिंपांझी त्याच ईशान्य भागात नियमित जाऊ लागले, तिथे मोठ्याने ओरडत फळे खाऊ लागले आणि त्यांची हद्द ६.४ चौरस किलोमीटरने, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. २०२५ मध्ये या गोष्टीचा पुढचा भाग समोर आला. हद्द वाढण्याआधीच्या तीन वर्षांत तिथल्या माद्यांना १५ पिल्ले झाली होती, नंतरच्या तीन वर्षांत ३७ झाली. आणि तीन वर्षांच्या आत मरणाऱ्या पिल्लांचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. मारणाऱ्यांचा यात फायदा काय, या प्रश्नाला मिळालेले हे आजवरचे सर्वांत थेट उत्तर आहे, आणि वाचायला ते सुखाचे नाही.

आता बुडोंगोकडे पुन्हा पाहा. न्गोगोसारख्या प्रचंड समुदायातही वर्षाला सरासरी दोन हत्या होतात. माणसाला बुजणाऱ्या, नीट ओळखता न येणाऱ्या प्राण्यांचा काही महिने माग काढणाऱ्या निरीक्षकाला त्या दिसण्याची शक्यता किती? जवळजवळ शून्य. सुरुवातीच्या अभ्यासांत हिंसा दिसली नाही हे खरे. पण दुर्मीळ घटना थोड्या काळात न दिसणे आणि ती घडतच नसणे यांत फरक आहे. पॉवर यांच्या युक्तिवादातली ही सर्वांत कच्ची बाजू.

सगळे आकडे एकत्र

एका जंगलावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून २०१४ मध्ये मायकेल विल्सन आणि इतर अनेक संशोधकांनी पाच दशकांच्या नोंदी एकत्र केल्या: चिंपांझींचे १८ समुदाय आणि बोनोबोंचे ४. त्यात चिंपांझींनी केलेल्या १५२ हत्या मिळाल्या. या आकड्याचे पोट फोडून पाहायची सवय लावून घ्या. ५८ हत्या प्रत्यक्ष पाहिलेल्या, ४१ पुराव्यावरून ठरवलेल्या आणि ५३ केवळ संशयित होत्या. मारणाऱ्यांपैकी ९२ टक्के नर होते, बळींपैकी ७३ टक्के. सुमारे दोन-तृतीयांश हत्या वेगवेगळ्या समुदायांमधल्या होत्या, आणि तशा हल्ल्यांत हल्लेखोर व बळी यांचे मध्यक प्रमाण ८ ला १ इतके होते. म्हणजे ही बरोबरीची लढाई नसते. आपल्याला फारशी इजा होणार नाही अशी खात्री असते तेव्हाच हल्ला होतो. रँगम यांचे ‘बळाच्या असमतोलाचे’ गृहीतक हेच सांगते.

मुख्य प्रश्न होता, हत्यांचे प्रमाण कशाबरोबर बदलते. अन्न घातले होते का, जंगलात माणसाची ढवळाढवळ किती, राखीव क्षेत्र किती मोठे, यांवरून ते ओळखता आले नाही. समुदायात नर किती आणि चिंपांझींची दाटी किती, यांवरून बरेच ओळखता आले. पूर्व आफ्रिकेत प्रमाण जास्त, पश्चिमेकडे कमी.

म्हणजे वाद मिटला? ब्रायन फर्ग्युसन यांनी २०२३ मधील आपल्या पुस्तकात तो पुन्हा उघडला. माणसाचा परिणाम म्हणजे फक्त केळी नव्हेत, असे ते म्हणतात. जंगल तुटते, चिंपांझी उरलेल्या तुकड्यात दाटतात, शिकार आणि साथी यांमुळे एखादा समुदाय अचानक दुबळा होतो. या गोष्टी एका अंकात मावत नाहीत. प्रत्येक ठिकाणाचा इतिहास वेगळा वाचावा लागतो. आणि ‘दाटी’ हे चल स्वतःच माणसामुळे बदललेले असू शकते, हेही लक्षात घ्या. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण कमी ढवळाढवळ झालेल्या न्गोगोचे स्पष्टीकरण देताना त्याला फार ताण द्यावा लागतो.

केळ्यांच्या गृहीतकाला आणखी एक चाचणी लावता येते, आणि ती काँगो नदीच्या दक्षिणेला आपोआप घडलेली आहे. तिथे चिंपांझीचा सर्वांत जवळचा नातेवाईक बोनोबो राहतो. वांबा येथे जपानी संशोधकांनी बोनोबोंना अनेक वर्षे ऊस घातला. भांडणे झाली, पण हत्या झाल्या नाहीत. वेगवेगळे समुदाय त्या जागेवर समोरासमोर येऊनही एकमेकांत मिसळले. बोनोबोंच्या चारही समुदायांत मिळून केवळ एक संशयित हत्या नोंदली गेली. अन्न घालण्यानेच हत्या होत असतील, तर इथे का झाल्या नाहीत? याचा अर्थ बोनोबो संत आहेत असा काढू नका. २०२४ मधील एका अभ्यासात बोनोबो नर आपल्याच समुदायात चिंपांझी नरांपेक्षा अधिक वेळा आक्रमक होताना दिसले. फरक असा, की बोनोबो नर टोळी करून शेजाऱ्यावर जात नाहीत.

न्गोगोचा तो प्रचंड समुदाय २०१५ पासून आतून विभागू लागला आणि २०१८ च्या सुमारास त्याचे पश्चिम आणि मध्य असे दोन वेगळे समुदाय झाले. एकत्र वाढलेले, एकमेकांची लव साफ केलेले नर हद्दीच्या दोन बाजूंना गेले आणि त्यांच्यातही जीवघेणे हल्ले झाले. कासाकेला आणि कहामाची ही दुसरी आवृत्ती सुरुवातीपासून टिपली गेली आहे, आणि या वेळी जवळपास कुठेही केळ्यांची पेटी नव्हती.